अक्काच्या सहा एअर प्लांटपैकी दोनच का जगले, आणि त्यातलं एक नक्की कोण निघालं

गेल्या डिसेंबरात सकाळी सकाळी अक्काचा फोन आला, "आगं ती हवेवरची झाडं गेली बघ, सहातली चार वाळली, उरलेली दोन तरी वाचीव, येऊन जा की एकदा." अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सासर अथणी तालुक्यात, दाजींची द्राक्षबाग आहे, बेदाणा करतात. मी इकडं बेळगावात अनगोळला, आणि गेली सात-आठ वर्षं टिलँडसिया, म्हणजे ज्याला सगळे एअर प्लांट म्हणतात ती झाडं सांभाळते, त्यामुळं घरात कुणाचं एअर प्लांट आजारी पडलं की फोन मलाच येतो. त्याच आठवड्यात बस धरून गेले.

हे सगळं सविस्तर लिहायचं कारण म्हणजे या एका घरात एअर प्लांटच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका एकत्र सापडल्या, आणि त्यातली सगळ्यात मोठी चूक आपल्या द्राक्षपट्ट्यात कुणाकडनंही अगदी प्रेमापोटी होऊ शकते.

तर सुरुवात फेब्रुवारीतली. भाचा पुण्याला शिकतो, त्यानं आईसाठी ऑनलाइन सहा झाडांचा सेट मागवला. सोबत चिठ्ठी होती, आयोनांथा, ६ नग, माती नको, पाणी नको, फक्त हवा. नाव पण चुकीचं आणि पाणी नको हे पण चुकीचं, पण तेव्हा कुणाला काय कळणार. एक गोष्ट मात्र भाच्यानं फार चांगली केली, पार्सल उघडलं तेव्हा सहाही झाडं वर्तमानपत्रावर ओळीनं मांडून वरनं फोटो काढला. हा फोटो मला डिसेंबरात मिळाला आणि सगळा तपास त्याच्यावरच झाला, म्हणून आता मी प्रत्येकाला सांगते, झाड घरात आलं की आधी फोटो, मग बाकीचं.

फोटोत तीन झाडं अंगठ्याएवढी, राखाडी-चंदेरी झुपके, पानं जाड आणि गच्च एकमेकाला धरून. ही आयोनांथाच होती. दोन जरा लांब, ताठ टोकदार पानं, अननसाचा शेंडा कापून लहान करून ठेवल्यासारखी. आणि एक अगदीच वेगळं, बुडाला कांद्यासारखा फुगवटा, वर सापासारखी वळलेली हिरवीगार पानं, ते बल्बोसा. म्हणजे सहा नग आयोनांथा म्हणून जे आलं त्यात तीन जातींची झाडं होती, आणि तिघांच्या गरजा एकसारख्या नाहीत.

झाडांची वाटणी अशी झाली होती. बल्बोसा काचेच्या गोळ्यात घालून हॉलच्या पश्चिमेच्या खिडकीत, दिसायला छान म्हणून. एक आयोनांथा आणि एक ताठ पानांचं अशी दोन झाडं भाच्यानं मोटर वाइंडिंगच्या तांब्याच्या तारेनं स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीच्या गजाला टांगली. आणि उरलेली तीन, म्हणजे दोन आयोनांथा आणि दुसरं ताठ पानांचं, सोप्यात, म्हणजे ओसरीत, बाभळीच्या वाळक्या खोडाला सुतळीनं बांधली.

सोप्यातल्या झाडांवर आज्जींचा, म्हणजे अक्काच्या सासूबाईंचा पहिल्या दिवसापासून आक्षेप होता. त्या म्हणायच्या, हे बांडगूळ हाय, घरात कशाला आणलाय, परड्यातल्या आंब्यावर गेलं तर आंबा खाईल. आज्जींना मी दोष देत नाही, कारण झाडावर वाढणारं म्हणजे बांडगूळ हे आपल्याकडं डोक्यात पक्कं बसलंय आणि त्यांनी आंब्याच्या फांद्या बांडगुळानं वाळलेल्या डोळ्यानं बघितल्यात. पण बांडगूळ आपलं मूळ फांदीच्या आत घुसवतं आणि आंब्याचा रस चोरतं, जिथं चिकटलं तिथं फांदीला गाठ येते. टिलँडसियाची मुळं फक्त धरून बसायला असतात, तारेसारखी कोरडी, आत जात नाहीत, खोड जिवंत असो नाहीतर वाळकं असो त्याला फरक पडत नाही. खानापूरच्या रानात जांबोटी-कणकुंबीकडं गेलात तर झाडांवर आमरी, म्हणजे ऑर्किड दिसतात, सीतेची वेणी दिसते, ती पण अशीच, नुसता आधार घेणारी. टिलँडसिया मात्र आपल्या रानातलं नाहीच. ते अननसाच्या कुळातलं, आणि अमेरिका खंडातलं, संयुक्त संस्थानांच्या दक्षिणेपासून खाली अर्जेंटिनापर्यंत. म्हणजे ते आंबा खाणार नाही आणि बीज उडून आपल्या रानात पसरलंय असंही मी कुठं बघितलेलं नाही. आज्जींना हे पटवायला मी मेलेल्या झाडाचं मूळ बाभळीवरनं सोलून दाखवलं, खाली साल जशीच्या तशी होती. त्यांनी हात लावून बघितलं आणि म्हणाल्या, "व्हय की, चिकटलंय नुसतं." मग विषय संपला.

आता मूळ तपास. मी पोचले तेव्हा काचेतलं मे महिन्यातच मेलं होतं, ते फेकून पण दिलेलं. सोप्यातली तिन्ही तपकिरी होऊन वाळलेली. खिडकीतली दोन जिवंत, जरा सुकलेली पण जिवंत. घरात तीन मतं होती. अक्काचं म्हणणं पाणी कमी पडलं. भाच्याचं म्हणणं थंडी लागली. आणि कुणीतरी शेजारच्यांनी सांगितलेलं की तांब्याची तार एअर प्लांटला विष असते, त्यामुळं भाचा बिचारा अपराधी होऊन बसलेला, तार त्यानंच बांधली होती ना.

तारेचं आधी सांगते कारण तिथंच मला पहिला धागा मिळाला. तांबं ब्रोमेलियाड, म्हणजे अननसाच्या कुळातल्या झाडांना खरंच घातक आहे, हे खरंच. पण तारेवरची झाडं जगली होती आणि बिनतारेची मेली होती! वाइंडिंगच्या तारेवर वॉर्निशचा थर असतो, त्यामुळं तांबं उघडं नव्हतं, फक्त टोकं घासलेली होती आणि ती झाडापासनं लांब, गजाकडं होती. तरी मी ती तार त्याच दिवशी काढली, नायलॉनच्या तंगूसानं बांधली दोन्ही, कारण वॉर्निश कधीतरी खरवडतं. पण मारेकरी तार नव्हती.

थंडी पण नव्हती. अथणीची डिसेंबरातली थंडी एवढी नसतेच, आणि खिडकीतल्यांना पण तीच थंडी लागलेली.

मग मेलेली झाडं मी टेबलावर घेतली. टिलँडसिया दोन प्रकारे मरतं आणि दोन्हीचं प्रेत वेगळं दिसतं. कुजून मेलं असेल तर बूड मऊ, काळपट, वास येतो, आणि मधली पानं चिमटीत धरून ओढली की सहज हातात येतात. ही तशी नव्हती. बूड टणक, मधली पानं घट्ट, वास नाही. पण नुसती तहानेनं मेली असती तर पानं आत वळून पन्हाळीसारखी होऊन हळूहळू बारीक होत गेली असती, आणि तहानेनं मरायला बराच वेळ लागतो, अक्का तर दोन-तीन दिवसाआड पाणी मारत होती. इथं पानांवर ठिपके ठिपके जळल्याचे डाग होते, टोकाकडनं बुडाकडं तपकिरी सरकत गेलेलं. मी विचारलं, कधीपासनं झालं हे? अक्का म्हणाली दसऱ्याला बरी होती, दिवाळीपर्यंत डाग आले, मग भराभर गेली. आठ महिने जगलेली तीन झाडं एकदम दोन महिन्यात जातात म्हणजे मधे काहीतरी झालं.

आणि मग मला ते बाभळीच्या खोडावर दिसलं. सालीच्या भेगांमधे फिकट निळी पूड. सोप्याला छप्पर आहे, पाऊस येत नाही, म्हणून ती दोन महिने तशीच राहिली होती. मी बोट फिरवलं आणि दाजींकडं बघितलं, दाजी लगेच म्हणाले, "अगं ते बोर्डो मारलं होतं मी. पंपात उरलं होतं. काळे ठिपके दिसले, म्हटलं करपा आलाय, एक हात मारून टाकावा."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना. एक टक्क्याचं करायचं तर १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद, १ किलो चुना. ऑक्टोबर छाटणीनंतर परतीचा पाऊस लागला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीनं बागायतदार फवारण्या घेतो, वर्षाचं पीक त्याच्यावर असतं. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. तांबंच की.

दाजींचा चेहरा पडला. म्हणाले, "माझ्या एवढ्या बागेला चालतंय, ह्या बोटभर झाडाला चालंना व्हय?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याचं उत्तर नीट द्यायला पाहिजे असं मला वाटलं, म्हणून तिथंच सोप्यात बसून सांगितलं, इथं पण तसंच सांगते.

द्राक्षाचं पान आणि टिलँडसियाचं पान या दोन वेगळ्या कामाच्या गोष्टी आहेत. द्राक्ष पाणी पितं मुळानं. पानावर मेणासारखा थर असतो, बोर्डो त्या थरावर बसतं, बुरशीचं बीज आलं की त्याला तिथंच मारतं, पानाच्या आत फारसं जात नाही. टिलँडसियाला जमिनीतलं मूळच नाही. त्याच्या पानावर जी राखाडी-चंदेरी लव दिसते ते बारीक बारीक खवले असतात, ट्रायकोम म्हणतात त्यांना, भिंगातनं बघितलं तर छोट्या छत्र्यांसारखे. पाण्याचा थेंब पडला की हे खवले तो धरून पानाच्या आत ओढतात, पाण्यात जे विरघळलंय त्यासकट. म्हणजे टिलँडसियाचं पान हेच त्याचं मूळ. त्याच्यावर मोरचूद फवारणं म्हणजे द्राक्षाच्या मुळाशी मोरचुदाचं पाणी ओतण्यासारखं आहे. दाजी गप्प ऐकत होते, मग म्हणाले, "मुळात कोण ओतंल?" एवढ्यात त्यांना सगळं कळलं.

मला इथं थोडं वाईट वाटलं कारण त्यांनी काळजीनंच केलं होतं, दुर्लक्षानं नाही. आणि चूक फक्त त्यांची नाही, सहा झाडं पाठवणाऱ्यानं चिठ्ठीत पाणी नको असं लिहिण्याऐवजी तांब्याचं औषध नको एवढं लिहिलं असतं तर ती तीन वाचली असती.

पण मुळात काळे ठिपके आले कुठनं? करपा नव्हताच तो. सोप्यातल्या झाडांवर अक्का बोअरचं पाणी मारायची, स्प्रेच्या बाटलीनं. तिच्याकडच्या बोअरचं पाणी एवढं जड की गिझरची कॉइल दोन वर्षात पांढरी होते. ते पाणी पानावर वाळलं की क्षार मागं राहतात, खवल्यांवर बसतात, आणि मग खवले पाणी ओढू शकत नाहीत. झाडाला पाणी दिसतंय पण पोटात जात नाही, मग टोकं तपकिरी-काळी पडतात. हे ओळखायची एक सोपी परीक्षा आहे. झाड भिजवा. निरोगी टिलँडसिया भिजलं की चंदेरीचं हिरवं होतं, कारण खवले पाण्यानं भरून पारदर्शक होतात आणि खालचं हिरवं दिसतं. वाळलं की परत चंदेरी. क्षार बसलेलं पान भिजल्यावर पण पांढुरकंच राहतं, ठिगळासारखं. खिडकीतल्या दोघांना मी भिजवलं तर पाच मिनिटात हिरवी झाली, कारण तिथं अक्का हाताशी असलेल्या प्यायच्या पाण्याची बाटली वापरायची, गावातल्या फिल्टरच्या पाण्याच्या केंद्रावरनं आणलेलं. म्हणजे ती दोन वाचली ती तारेमुळं नाही, पाण्यामुळं आणि फवाऱ्यापासनं लांब होती म्हणून. आणि नुसत्या बोअरच्या पाण्यानं सोप्यातली तीन मेली असती का, तर एवढ्यात नाही. आठ महिने त्याच पाण्यावर टोकं जळली तरी जगली होती. मारलं तांब्यानं, पाण्यानं फक्त त्यांना करपा आल्यासारखं दाखवलं.

काचेच्या गोळ्यातल्या बल्बोसाबद्दल थोडक्यात. मे महिन्यात अथणीत पारा चाळिशीला जातो, पश्चिमेची खिडकी, गोळ्याला एकच छोटं भोक, आत हवा हलत नाही, आणि पाणी घातलं की ते कांद्यासारख्या पोकळ बुडात साठतं. उकडूनच मेलं ते. खरं तर त्या पोकळ बुडात त्याच्या मूळ गावी मुंग्या राहतात, पाणी नाही. ही काचेची फॅशन मला अजिबात आवडत नाही, हवेचं झाड म्हणायचं आणि हवाच तोडायची.

आता पाणी नको या समजुतीबद्दल. या झाडांना टिलँडसिया नाव दिलं लिनियस या स्वीडिश वनस्पतीशास्त्रज्ञानं, एलियास टिलांट्झ नावाच्या सतराव्या शतकातल्या वनस्पतीशास्त्रज्ञावरनं, आणि त्याची गोष्ट अशी सांगतात की त्याला समुद्रप्रवासाचा एवढा त्रास झाला की परतताना तो स्वीडन आणि फिनलंडमधल्या बोथनियाच्या आखाताला वळसा घालून जमिनीवरनं गेला. लिनियसला वाटलं ही झाडं पण पाण्याला अशीच भितात. म्हणजे गैरसमज नावातच आहे. प्रत्यक्षात यांना पाणी लागतं, भरपूर लागतं, फक्त ते वेळेत वाळायला पाहिजे.

त्या दोन झाडांसाठी मी अक्काला जे बांधून दिलं ते असं. आठवड्यातनं दोनदा सकाळी फिल्टरच्या नाहीतर साठवलेल्या पावसाच्या पाण्यात वीस-तीस मिनिटं पूर्ण बुडवायचं, बाहेर काढून उलटं धरून झटकायचं, उलटंच ठेवायचं तासभर, तीन-चार तासात पूर्ण कोरडं झालं पाहिजे. उन्हाळ्यात एक दिवसाआड. संध्याकाळी नाही. संध्याकाळी का नाही याचं कारण अक्कानं विचारलं, तर ही झाडं रात्री श्वास घेतात असं म्हणूया, म्हणजे पानाची छिद्रं रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि दिवसा ऊन असताना छिद्रं बंद ठेवून त्याचं अन्न करतात, पाणी वाचवायची युक्ती आहे ती, अननस करतो, घायपात करतं. रात्री पान ओलं असेल तर पाण्याच्या थरातनं हवा आत जात नाही. खत म्हणून दाजींकडचंच १९:१९:१९, पण लिटरला पाव ग्रॅम, महिन्यातनं एकदा, बुडवायच्या पाण्यातच. बागेचं मायक्रोन्यूट्रिएंटचं पाकीट वापरायचं नाही कारण त्यात तांबं असतं. हे मी पाकिटावरच पेनानं लिहून आले.

फेब्रुवारीच्या शेवटी अक्काचा व्हिडिओ कॉल. "आगं बघ, एकाला तुरा आलाय गुलाबी, आणि दुसरं लालभडक झालंय, मरतंय का काय?" मरत नव्हतं, दोन्ही फुलत होती. इथनं पुढं ओळख पटवायचा खरा भाग सुरू झाला, कारण टिलँडसियाची जात पानावरनं सांगणं म्हणजे अंदाज, फूल आल्याशिवाय खात्रीनं सांगता येत नाही. सहाशेहून जास्त जाती आहेत आणि पानं ऊन-पाण्याप्रमाणं बदलतात, जास्त उन्हात आखूड-चंदेरी, सावलीत लांब-हिरवी.

लाल झालेलं सोपं होतं. आयोनांथा फुलायला आलं की मधली पानंच लाल होतात, दांडा येत नाही, आणि त्या लाल पानांच्या मधनंच थेट जांभळ्या नळीसारखी फुलं वर येतात. त्या नळीच्या तोंडातनं पुंकेसर आणि स्त्रीकेसर बाहेर डोकावतात, पिवळं परागाचं टोक स्पष्ट दिसतं. ग्रीकमधे आयोन म्हणजे व्हायोलेट, नाव त्या जांभळ्या फुलावरनंच. मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं झाड. तीन नग तरी चिठ्ठीप्रमाणं खरे निघाले.

दुसरं, ताठ पानांचं, त्याच्यावर मी चार दिवस घातले. मधनं आखूड दांडा, त्याच्यावर गडद गुलाबी सहपत्रं, म्हणजे फुलाखालची रंगीत पानं, एकावर एक, आणि त्यातनं निळी-जांभळी तीन पाकळ्यांची फुलं. असं दिसणाऱ्या जाती निदान तीन तरी बाजारात मिळतात, एरांथॉस, स्ट्रिक्टा आणि बर्जेराय, आणि तिन्ही एकमेकींच्या नावानं विकल्या जातात. आयोनांथा नाही हे तर पहिल्याच बघण्यात ठरलं, कारण या फुलात पुंकेसर बाहेर आले नव्हते. मी अक्काला सांगितलं एक फूल तोड, पाकळ्या हळूच बाजूला कर, भिंग मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोर धर आणि फोटो पाठव. आत पुंकेसर पाकळ्यांच्या आतच लपलेले, आणि त्यांचे दोरे सरळ नव्हते, साडीच्या निरीसारखी घडी पडलेली. ही घडी ज्या गटात असते त्याच गटात या तिन्ही जाती येतात, आयोनांथा दुसऱ्या गटात. मला हा फोटो बघून एवढा आनंद झाला की मी तो अजून जपून ठेवलाय.

मग तिघीत कोण? स्ट्रिक्टाची पानं मऊ, हातात धरली की वाकतात, आणि तुरा वजनानं खाली झुकतो. अक्काला विचारलं पान टोचतं का, म्हणाली "टोचतंय की, बोटात घुसतंय." तुरा पण उभाच होता. म्हणजे स्ट्रिक्टा गेली. राहिल्या दोन, आणि या दोन सख्ख्या बहिणींसारख्या, शिवाय यांचे आपापसात संकर भरपूर झालेत आणि तेच साध्या नावानं विकले जातात. इथं पाकळी बघायची. बर्जेरायची पाकळी फिकट निळसर-लव्हेंडर, लांब, आणि पिळल्यासारखी, लहरी मारलेली, जुनी होताना गुलाबीकडं जाते. एरांथॉसची पाकळी गडद निळी-जांभळी, कड सरळ, टोक हलकंसं बाहेर वळलेलं. आणखी एक, बर्जेराय पिल्लं खूप देतं पण फुलायला कंजूष. आपल्या झाडाची पाकळी गडद, सरळ, पिळ नाही, आणि वर्षभरात फुललं. एरांथॉसच.

एरांथॉस नावाचा अर्थच हवेतलं फूल. दक्षिण ब्राझील, पॅराग्वे, उरुग्वे, अर्जेंटिना हे त्याचं घर, तिकडं त्याला हवेतलं कार्नेशन अशा अर्थाचं नाव आहे. मी जेवढ्या टिलँडसिया वाढवल्यात त्यात नवख्या माणसाला द्यायची असेल तर हीच देईन. थंडी सोसतं, ऊन बऱ्यापैकी सोसतं, एखादा आठवडा विसरलात तरी माफ करतं, पिल्लं देतं. चिकाटीचं झाड आहे. आयोनांथा पण सोपंच, पण ते लहान असल्यामुळं उन्हाळ्यात लवकर सुकतं आणि बुडात पाणी राहिलं तर लवकर कुजतं.

नाव कळल्यानं काय फरक पडला असं भाच्यानं विचारलं. फरक हा पडला की आयोनांथा आम्ही खिडकीच्या वरच्या गजाला जास्त उजेडात नेलं आणि एरांथॉस खाली ठेवलं जिथं दुपारनंतर सावली असते आणि सिंकची ओल मिळते. मे महिना दोन्हींनी काढला. अथणीच्या मे महिन्यात एरांथॉस वरच्या गजाला असतं तर मला नाही वाटत टिकलं असतं.

फुलून गेलेला झुपका परत फुलत नाही, तो हळूहळू संपतो, पण संपायच्या आधी बुडाला पिल्लं काढतो. घाबरून अक्कानं आई फेकली असती, बरं झालं आधी विचारलं. एरांथॉसला तीन पिल्लं आली, आयोनांथाला दोन. पिल्लू आईच्या निदान एक तृतीयांश झाल्याशिवाय तोडायचं नाही, आणि खरं तर तोडायचंच नाही, झुपका मोठा होऊ दिला तर जास्त छान दिसतो आणि एकाच वेळी चार तुरे येतात. पण मला एक पाहिजे होतं, बेळगावच्या पावसात ते कसं वागतं बघायला. जूनच्या आधी जाऊन एरांथॉसचं एक पिल्लू घेऊन आले.

इथं सगळंच उलटं. अथणीत पाणी कसं पोचवायचं हा प्रश्न, अनगोळात पाणी कसं थांबवायचं. जून ते सप्टेंबर आमच्याकडं कपडे वाळत नाहीत तर झाड कुठनं वाळणार. मी ते पत्र्याच्या पागोळीपासनं दोन फूट आत, वाऱ्याच्या वाटेवर, आडवं टांगलं, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी थांबत नाही. जुलैत सलग तीन आठवडे मी एक थेंब पाणी दिलं नाही, हवेतल्या ओलीवरच होतं, आणि झड लागली तेव्हा रात्री घरात घेऊन पंख्याखाली ठेवलं. सात-आठ वर्षांपूर्वी माझी पहिली पाच झाडं याच महिन्यात कुजली होती, बाहेर पावसात छान न्हातील म्हणून ठेवली होती मी, त्यामुळं जुलै आला की मला अजून धाकधूक होते. ऑगस्टात थोडी उघडीप झाली तशी बुडाची पानं तपासली, टणक. गणपतीपर्यंत मधे नवीन चार पानं आली होती आणि पिल्लू माझ्या मधल्या बोटाएवढं झालं होतं.

दिवाळीला अक्काकडं गेले तेव्हा दाजींनी मला बागेतल्या शेडमधे नेलं. तिथं त्यांनी एक नवीन लहान स्प्रे पंप आणून ठेवला होता, त्याच्यावर ऑइल पेंटनं लिहिलेलं, फक्त पाणी. म्हणाले, एक पिल्लू इथं शेडच्या खांबाला बांधूया, बागेतली माणसं पण बघतील. मी नको म्हटलं. शेडपासनं द्राक्षाची पहिली ओळ दहा पावलांवर आहे, छाटणी नुकतीच झालेली, आणि ब्लोअरनं बोर्डो मारला की वाऱ्यावर तो शेडमधे येणारच. दाजींनी वाऱ्याची दिशा बघितली, खांबाकडं बघितलं, आणि मग परड्यातल्या आंब्याकडं बोट दाखवून म्हणाले, "तिथं तर चालंल? आज्जीला विचारून येतो."